धाकट्याच्या कटरची धार

धारकाका माणसांना तोंडावरून कमी आणि कटरवरून जास्त ओळखत. थट्टा नाही करत. कारखान्याच्या शेवटच्या कोपऱ्यात, साबणपाण्याच्या पिंपांमागे त्यांची धार लावायची खोली होती. खोली कसली, चार बाजूंनी फळ्या ठोकून केलेला खोका. आत एक ग्राइंडर, एक स्टूल, एक दिवा आणि पुढे एक खिडकी. खिडकीतून बोथट कटर आत यायचे, धार लागलेले बाहेर जायचे. ट्रेवर खडूने मशीनचा नंबर लिहिलेला असला की झालं. देणारा बोलत नसे, घेणारा बोलत नसे. ग्राइंडरच्या आवाजात बोलून तरी कोणाला काय ऐकू येणार होतं म्हणा.

आता मिलिंग म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मध्येच अडायला नको. लोखंडाचा तुकडा, ज्याला कारखान्यात सगळे जॉब म्हणतात, तो टेबलावर घट्ट आवळायचा. कटर म्हणजे दात असलेलं चाक. ते एका जाड दांड्यावर बसवतात, त्या दांड्याला आर्बर म्हणायचं. कटर जागच्या जागी फिरतो आणि कारागीर हँडल फिरवून टेबल हळूहळू त्याच्या तोंडी देतो. प्रत्येक दात एकेक घास घेतो, कीस उडवतो, पुढे जातो. ऐकायला किती सोपं! पण लोखंड काही मुकाट्याने कापून घेत नाही. जेवढ्या जोराने दात त्याला कापतो, तेवढ्याच जोराने ते दाताला, आर्बरला, टेबलाला आणि हँडल धरलेल्या हाताला मागे रेटतं. हा सगळा रेटा शेवटी दाताच्या टोकावर उमटतो, आणि ते टोक जायचं धारकाकांच्या हातात.

त्यामुळे ह्या माणसाला न बोलता सगळ्यांच्या खबरा. दाराजवळच्या मशीनवर एक लंबूटांग कारागीर होता. तो कायम घाईत, कटर गार ठेवणाऱ्या साबणपाण्याचा नळ सोडायला विसरायचा, त्याच्या कटरचे दात तापून निळे पडून यायचे. ट्रे आला की काका स्वतःशीच म्हणायचे, "आला जळका." दुसरा एक इतका भित्रा, की घास म्हणून घ्यायचा नाही. त्याचे दात कापायच्या ऐवजी नुसते घासत राहायचे आणि न कापताच बोथट व्हायचे. "ह्याला कटर कशाला, फडकं द्या हातात." एखाद्या कटरचे एकाच बाजूचे दात झिजून आले की काका ओळखायचे, ह्याचा आर्बर वाकलाय. मग कारागिराने कितीही कानावर हात ठेवू देत.

पण एवढं सगळं कळून सांगायचं कोणाला? संध्याकाळी भोंगा झाला की हात धुवायचे, डबा उचलायचा आणि चालत घरी. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. जिन्यातली म्हातारी दारातूनच विचारायची, "आलात का?" हे म्हणायचे, "आलो." दिवसभराचं बोलणं संपलं. मग भात टाकायचा, भाजी चिरायची. एकट्यापुरता भात नीट होत नाही, एक तर कमी पडतो नाहीतर उरतो. ह्यांचा कायम उरायचा. लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलंच, तर म्हणायचे, "राहून गेलं." जणू रुमाल घरी विसरून आले होते.

खरं कारण तसं सगळ्यांना माहीत होतं. आईवडील लवकर गेले आणि मागे राहिला एक धाकटा भाऊ. काका त्याला बारक्या म्हणायचे. बारक्याचं नाक पुसण्यापासून शाळेत घालण्यापर्यंत सगळं ह्यांनीच केलं. हाताशी आल्यावर त्याला ह्याच कारखान्यात आणलं, मिलिंगच्या मशीनवर उभं केलं, त्याचं लग्न लावलं. दोघं भाऊ, धाकट्याची बायको आणि मग त्यांचा मुलगा, एवढे सगळे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायचे. दाटीवाटी होती, पण उरलेला भात टाकायची वेळ तेव्हा येत नसे.

आणि मग तो मोठा कटर मोडला.

नवा कोरा कटर, पहिल्याच दिवशी बारक्याच्या मशीनवर त्याचे दात गेले. तेव्हाचा फोरमन करड्या आवाजाचा होता. त्याने मोडका कटर सगळ्यांसमोर धारकाकांच्या हातात दिला आणि विचारलं, "बोला. कटर की हात?" काकांनी तो दिव्याखाली धरला. दात मुळातून गेले होते, पोलादात कुठे खोट नव्हती. ते म्हणाले, "कटर चांगला होता. कट जास्त घेतलाय." कोणी वेळ विचारावी आणि घड्याळ बघून सांगावी, तसं सांगितलं आणि खोलीत निघून गेले. त्यांच्या मते विषय संपला.

त्या महिन्यात बारक्या हेडमिस्त्री व्हायचा होता. तो झाला नाही. तो घरी येऊन भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्याने दुसरीकडे खोली बघितली, बायको-मुलाला घेतलं आणि गेला. जो अबोला धरला तो धरलाच. मला विचाराल तर दोघांनाही उभं करून चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. अरे, सख्ख्या भावाला आधी बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? आणि ह्या दुसऱ्या शहाण्याला एका वाक्यासाठी सगळं आयुष्य तोंड फिरवून बसायचं काय कारण होतं? पण ऐकतंय कोण. एकाच छपराखाली दोघं केस पांढरे होईपर्यंत काम करत राहिले, बारक्याचा मुलगा शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागला, फोरमन बदलले, आणि ह्या दोघांच्या तोंडातून एकमेकांसाठी ब्र निघाला नाही. काकांची पाठ वळलेली बघूनच बारक्या खिडकीत ट्रे ठेवून जायचा.

उरलं होतं ते एवढंच. बारक्याचे कटर.

ते कटर बघण्यासारखे असायचे. सगळे दात सारखे झिजलेले, धारेमागे आरशासारखी चकाकणारी बारीक पट्टी, कुठे कपचा नाही, डाग नाही. काका त्याचा ट्रे मुद्दाम शेवटी घ्यायचे, आवडीचा घास ताटात मागे ठेवावा तसा. धार लावून झाली की कटर उगाच एकदा हातात फिरवून बघायचे. भाऊ ठीक आहे, जेवलाखाल्लेला आहे, त्याचं डोकं ताळ्यावर आहे, हे सगळं त्यांना त्या दातांवरून कळायचं. निदान त्यांची तशी समजूत होती.

मग एका थंडीच्या शेवटी ते दात बदलले.

पहिल्यांदा काकांना वाटलं, ट्रेची अदलाबदल झाली. खडूचा नंबर तर बारक्याच्याच मशीनचा. धारेमागची चकाकी गायब होती आणि टोकावर बारीक बारीक कपचे उडाले होते. पुढच्या खेपेलाही तेच. त्यांनी दिवा खाली ओढला, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत बसले. मग ग्राइंडर बंद करून त्यांनी तो ट्रे बाजूला ठेवला.

ते का, हे समजायला थोडं डोकं चालवावं लागेल, पण फार नाही. टेबल कटरच्या तोंडी दोन बाजूंनी देता येतं. एक म्हणजे दातांच्या विरुद्ध. तेव्हा दात आधी जॉबवर जरासा घासतो, मग हळूहळू घास मोठा करत जातो. त्या घासण्यानेच ती चकाकणारी पट्टी येते. ह्यात हाताला जोर लागतो, कारण कटर टेबलाला सतत मागे रेटत असतो. दुसरं म्हणजे दातांच्या दिशेनेच टेबल सोडायचं. तेव्हा दात वरून धाडकन पडतो, पहिल्याच क्षणी पूर्ण घास घेतो. हाताला जोर कमी, कारण कटर जॉबला स्वतःच ओढून घेतो. नव्या मशीनवर हे खुशाल करा. बारक्याचं मशीन मात्र सगळ्यांत जुनं. आपोआप टेबल सरकवण्याची सोय केव्हाच बंद पडलेली, सगळं हँडल हातानेच मारायचं. टेबल सरकवणारा लांब स्क्रू आणि त्याचा नट झिजून झिजून त्यांच्यात फट पडली होती. हँडल थोडं फिरवलं तरी टेबल ढिम्म. अशा मशीनवर दातांच्या दिशेने गेलात, तर कटर टेबलाला त्या फटीएवढं फटकन पुढे खेचतो, एका दाताच्या वाट्याला पाच दातांचा घास येतो, आणि काहीतरी मोडतं. कटर मोडतो, आर्बर वाकतो, नाहीतर समोरचा माणूस मोडतो.

हे बारक्याला माहीत नव्हतं? ह्या गोष्टी त्याला शिकवल्या कोणी होत्या! मग हा असा का कापतोय? ह्याला एकच उत्तर होतं, आणि ते काकांना जेवताना, झोपताना, जिना चढताना छळत राहिलं. ज्याच्या हातात रेट्याला तोंड द्यायचा जोर उरला नाही, तोच असा सोपा रस्ता धरतो. काही खुळा नाही तो. त्याचा उजवा हात गेलाय आणि तो लपवतोय.

सुट्टीच्या दिवशी काका चांगला शर्ट घालून बारक्याच्या गल्लीत गेले. घर माहीत होतं, पायरी कधी चढले नव्हते. समोरच्या बंद दुकानाच्या आडोशाला उभे राहिले. काय बोलायचं ते वाटेत जुळवून आणलं होतं, ते सगळं तिथे पोचेपर्यंत हवेत गेलं. थोड्या वेळाने बारक्या बाजारातून आला. पिशवी डाव्या खांद्यावर. किल्ली डाव्या हाताने काढली, दाराचं लॅचही डाव्या हातानेच उघडायला लागला, आणि ते काही उघडेना. उजवा हात नुसता बाजूला लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. शेवटी त्याने कोपराने दार वाजवलं. बायकोने आतून उघडलं, तो आत गेला.

काका रस्ता ओलांडून चार पावलं गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्यांना वाटलं, मी तोंड उघडलं की हा म्हणणार, आलास पुन्हा दोष काढायला? आणि वर फोरमनला सांगितलं तर मशीन सुटणार, म्हणजे दुसऱ्यांदा मीच त्याच्या पोटावर पाय देणार. न सांगावं तर एक दिवस ते मशीन त्याला खाणार. असे दोन्हीकडून कात्रीत सापडलेले ते घरी आले. म्हातारीने विचारलं, "आलात का?" ह्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही, तशी ती बिचारी दारात बघत राहिली.

मग त्यांनी एक तोड काढली. तोंडाने बोलायचं नाही, धारेने बोलायचं. धार लावणाऱ्यालाच सुचेल असला वेडेपणा.

दाताचं तोंड जरा मागे झुकवलं, त्याला आणखी कल दिला, की दात लोखंडात सहज शिरतो. रेटा कमी होतो, हाताला हलकं वाटतं. टोक नाजूक होतं खरं, पण धार लावायला आपण बसलोच आहोत. काकांनी जेवणाच्या सुट्टीत बारक्याचे कटर काढले आणि एकेका दाताचं तोंड घासून कल वाढवला. नेहमीच्या धारेपेक्षा कितीतरी मेहनतीचं काम. हिशेब असा, की कापणं एवढं हलकं झालं की हा पुन्हा आपल्या जुन्या वाटेने, दातांच्या विरुद्ध कापायला लागेल. कोणाला कळणार नाही, कोणाला बोलावं लागणार नाही.

आठवड्याने ट्रे परत आला. कटर स्वच्छ पुसलेले होते आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांचे कटर किसाने आणि तेलाने बरबटलेलेच येतात. काकांनी ते फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडलं. हा माणूस त्या दिवशी ग्राइंडरवर गुणगुणत होता, असं खिडकीशी आलेल्या लंबूटांगाने नंतर सगळ्यांना सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. दातांवर कपचे अजून होतेच. चकाकी आली नव्हती. म्हणजे बारक्या अजूनही त्याच चुकीच्या दिशेने कापत होता. आणि कल दिलेला दात त्या दिशेला जॉबला दुप्पट हावरेपणाने ओढतो, हे काकांना कळत नव्हतं असं नाही. पक्कं कळत होतं. पण समोर ते फडकं होतं ना. त्यांनी कपच्यांकडे कानाडोळा केला, मनाला समजावलं, एकदम कुठे बदलेल, थोडं आणखी हलकं करून देऊ. आणि कल आणखी वाढवला. फडकं पुन्हा आलं. ह्यांनी पुन्हा वाढवला. एकटा माणूस असला की त्याला कोणी म्हणणारंही नसतं, की बाबा रे, हे काय चालवलंयस.

एका सकाळी सगळ्या आवाजांवरून एक आवाज आला. धाडदिशी, आणि मागोमाग काहीतरी लाकडात घुसल्यासारखा ठक्क. मशीनं एकेक करून बंद झाली. काका खोलीतून बाहेर आले ते ग्राइंडर चालूच टाकून. असं त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

बारक्याच्या मशीनचा आर्बर धनुष्यासारखा वाकला होता. टेबल पुढे खेचलं गेलं होतं, जॉब आवळणीतून उखडून तिरपा झाला होता. कटरचे दोन-तीन दात गेले होते, आणि त्यातला एक बारक्याच्या मागच्या लाकडी कपाटात, त्याच्या डोक्याच्या उंचीला, मुळापर्यंत रुतला होता. हँडल गरकन उलटं फिरून बारक्याच्या उजव्या मनगटावर बसलं होतं. तो खाली बसला होता, हात मांडीवर धरून. रक्त नव्हतं. लोक म्हणाले, थोडक्यात वाचला. काकांनी कपाटातला तो दात बघितला, बारक्याचं डोकं बघितलं, आणि पुन्हा तो दात बघितला.

आताचा फोरमन वयाने लहान, माणूस शांत होता. बारक्याच्या मनगटाला पट्टी बांधून होईपर्यंत थांबला, मग तुटका कटर काकांपुढे धरला. "धारकाका, हे कशाने झालं असेल?" त्याला जुनं काही माहीत नव्हतं. पण जुन्या कारागिरांनी एकमेकांकडे बघितलं.

"माझ्याने," काका म्हणाले. "दातांना कल जास्त दिला गेला. धार चुकली माझी."

"तुमची?"

"माझीच. कारागिराचा ह्यात काही दोष नाही."

फोरमनला ते खरं वाटेना. पण माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार? म्हणाला, चौकशी होईपर्यंत तुम्ही स्टोअरमध्ये बसा, धारेचं काम तोवर बाहेर पाठवू. काकांनी मान हलवली. त्यांना हलकं वाटत होतं, खरंच सांगतो. त्या जुन्या वाक्याचं ओझं फिटल्यासारखं वाटत होतं. खोलीत येऊन ते आपला डबा, चष्म्याचं घर असलं किडूकमिडूक गोळा करायला लागले.

दार वाजलं. खिडकी नव्हे, दार. त्या दारातून कधी कोणी येत नसे. बारक्या उभा होता, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून.

"बस," काका म्हणाले आणि स्वतः स्टुलावरून उठले.

तो बसला नाही. "अर्धवट का सांगितलंस?"

"अर्धवट कशाने? कल मीच वाढवला होता."

"ते मला पहिल्याच कटला कळलं होतं. टेबल हातातून ओढून नेत होता तो कटर."

काकांच्या हातातला डबा तसाच राहिला. "कळलं होतं? मग परत का नाही केलास? खिडकीत ठेवून द्यायचास. मी त्याच दिवशी नीट करून दिला असता."

बारक्या त्या फळ्यांकडे बघत म्हणाला, "तू इतक्या वर्षांनी माझ्यासाठी काहीतरी वेगळं केलं होतंस. मी परत पाठवला असता, तर तुला वाटलं असतं की ह्याला अजूनही नको आहे. मग तू पुन्हा कधी केलं नसतंस." तो थांबला. "म्हणून जपून चालवत राहिलो. पुसून पाठवत राहिलो. दुसरं काय पाठवणार होतो मी?"

काकांना रडू आलं. ते लपवायला त्या खोक्यात जागाच नव्हती, त्यांनी लपवलंही नाही. कपाटातला दात त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. ह्याने कटर परत केला नाही आपल्यासाठी, आणि आपण फडक्याला भुलून वाढवत गेलो. दोघं मिळून एकाचं डोकं फुटायची वेळ आणली होती, आणि कशापायी, तर बोलायला नको म्हणून.

"हाताला आधीपासून काय झालंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

बारक्याने वर बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या कटरने. तू उलटा कापायला लागलास तेव्हाच."

"गेल्या थंडीपासून आहे," बारक्या म्हणाला. "पकडीत जोरच राहत नाही. डॉक्टर म्हणतो, आता भरून यायचं नाही. घरी तिला माहीत आहे. इथे कोणाला नाही."

"मग उद्या?"

"उद्या काय. तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस, माझ्यावर काही आलंच नाही. मनगटाची सूज उतरली की नवा आर्बर चढवतील आणि मला पुन्हा तिथेच उभं करतील."

काकांना हे सुचलंच नव्हतं. भावाला वाचवलं म्हणून मघाशी जे हलकं वाटत होतं, त्यात त्याला पुन्हा त्याच कटरसमोर नेऊन उभं केलं होतं. ते स्टुलावर बसले. "तू जाऊन सांग ना साहेबांना. मशीन सोडतो म्हण."

"केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो, एकदा नाही, कितीतरी वेळा. जीभ उचलत नाही. काम सोडून घरी काय करू? भिंतीकडे बघत बसू?"

भिंतीकडे बघत बसणं म्हणजे काय, हे काकांइतकं त्या कारखान्यात कोणाला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं म्हणावं, माझ्याकडे येत जा. पण बारक्याचा मुलगा केव्हापासून आईबापांना आपल्या शहरात बोलावत होता, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. काम सुटलं की हा जाणार. आज दारातून आत आलेला भाऊ महिन्याभरात गावातूनच जाणार. आणि गप्प राहिलं, तर इथेच राहणार, खिडकीपलीकडे, रोज. हे सगळं काकांच्या मनात येऊन गेलं. मोह कोणाला झाला नसता?

"मी सांगू का?" त्यांनी विचारलं.

मागच्या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं.  बाहेर एकेक मशीन पुन्हा सुरू होत होतं.

"सांग," तो म्हणाला.

दोघं केबिनमध्ये गेले. काकांनी सगळं सांगितलं, ह्या वेळी काही हातचं न राखता. कल आपण वाढवला हे, टेबल उलट्या दिशेने चालत होतं हे, आणि का चालत होतं तेही. "ह्याचा उजवा हात गेलाय, साहेब. ह्याला मशीनवर उभं करू नका. पुन्हा उभा राहिला तर मरेल." 

फोरमन बारक्याकडे वळला. "खरं आहे का हे?"

"दादा सांगतोय ते खरं आहे," बारक्या म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "मागच्या वेळीही खरंच होतं."

"मागच्या कुठल्या वेळी?"

 फोरमनने थोडा वेळ वाट बघितली आणि सोडून दिलं. वरच्यांशी बोलतो, म्हणाला, जेवढे पैसे देता येतील तेवढे देववतो. पण आजपासून मशीन बंद, कारागिराचा बिल्ला टेबलावर ठेवून जावा लागेल. बारक्याने मान हलवली आणि खिशावरच्या बिल्ल्याला डावा हात घातला. पिन डाव्या हाताला येईना. उजवा पट्टीत होता. तो खटपट करत राहिला, बोटं घसरत राहिली, आणि त्याचा चेहरा लाल होत गेला.

काका पुढे झाले आणि त्यांनी त्याचा हात बाजूला केला. पिन गंजून बसली होती, सहज सुटली नाही. ती सोडवेपर्यंत दोघं एकमेकांसमोर उभे होते, श्वास लागेल इतके जवळ. मग दादाने भावाचा बिल्ला काढला आणि फोरमनच्या टेबलावर ठेवला.